तिसऱ्या रविवारचा प्रश्न

प्रिय बडबडे,

आता तू लग्नाची मुलगी, चर्चमध्ये तुझ्या लग्नाची घोषणा होते, तरी मामा तुला याच नावानं हाक मारणार. रागावू नकोस. हे नाव तू स्वतःच्या कर्तबगारीनं मिळवलेलं आहेस. माझा उपदेश ऐन रंगात आलेला असताना बाकावर उभं राहून, मामा, भूक लागली, असं शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगणारी तू एकटीच. मला उपदेश गुंडाळावा लागला, आणि दारात मंडळीनं माझ्याशी हात मिळवायच्या आधी तुझे गाल ओढले. तुझी आई लाजेनं अर्धी झाली होती. मला मात्र तेव्हापासून तुझा फार अभिमान आहे.

रोज भेटत असून मामा पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. फोनवरच लिहिणार होतो. पण परवा तूच हसत सांगितलंस, की तुझे मेसेज हल्ली तुम्ही दोघं मिळून वाचता, आमच्यात लपवाछपवी नाही म्हणून. मीही हसलो. घरी येऊन चहा केला, आणि तो कपातच गार झाला. म्हणून हा कागद. गाण्याच्या सरावाला आलीस की तुझ्या हातात देईन. तिथेच वाच आणि मला परत दे. घरी नेऊ नकोस.

चर्चमध्ये तुझ्या लग्नाची तयारी जोरात आहे. बाकांना पॉलिश करून झालंय, पण ते अजून नीट वाळलं नाही, त्यामुळे गेल्या रविवारी प्रार्थनेला उठताना सगळी मंडळी चर्र आवाज करत उठली. ऑर्गनची ती एक पट्टी अजून खाली गेली की वर येत नाही. वेदीमागच्या भिंतीला पांढरा रंग दिला आणि ओल पुन्हा वर आली. रंगारी म्हणतो, ओल आतून आहे, वरून कितीही हात मारले तरी उपयोग नाही. मी त्याला म्हटलं, बाबा रे, राहू दे.

तुझ्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल वाईट बोलणारा माणूस आपल्या मंडळीत शोधून सापडणार नाही. निम्म्या मंडळीच्या नाकावर त्याच्या दुकानातले चष्मे आहेत, माझ्याही. म्हाताऱ्या बायकांच्या कानामागे काडी बसवताना तो इतक्या हळुवार हातानं बसवतो, की त्या आशीर्वाद देत घरी जातात. मीही त्याचं कौतुक केलंय, अगदी व्यासपीठावरून. इतकी वर्षं पाळक म्हणून काढल्यावर एक गोष्ट मला कळली आहे. मंडळीला चांगल्या माणसाची भूक असते, आणि असा कुणी मिळाला की आम्ही सगळे मिळून त्याला जपतो. त्यात गैर काही नाही. पण मग त्याच्या घराच्या आत डोकावून बघायचं कुणालाच सुचत नाही.

मला डोकावावं लागलं, कारण त्याच्या आईला प्रभुभोजनाची भाकर द्यायला मी घरी जात होतो. तुला ती बाई आठवते ना? आपल्या गायकवृंदात सगळ्यात मोठा आवाज तिचा. सूर चुकला तरी मागे हटायची नाही, बाकीच्यांनाच तिच्याबरोबर चुकावं लागे. पाय गेल्यापासून ती मागच्या खोलीत असायची. घर इतकं स्वच्छ, की बूट काढूनही मला चोरट्यासारखं वाटे. मी तिथे जे पाहिलं तेवढंच सांगतो. त्या खोलीची कडी बाहेरून होती. तिचा चष्मा कपाटावर ठेवलेला असायचा, तिचा हात पोहोचणार नाही अशा जागी. मी एकदा तो काढून द्यायला गेलो, तर तो दारातूनच म्हणाला, की तिला आता काय बघायचंय. हसून म्हणाला. आणि त्याची पावलं जवळ आली की ती बाई तोंडातली भाकर न चावता गिळायची. मी प्रार्थना करताना एकदा मध्येच डोळे उघडले. तो दाराशी उभा राहून आम्हा दोघांकडे बघत होता. त्यानं डोळे मिटलेच नव्हते.

तुझं लग्न ठरतंय अशी कुजबुज सुरू झाली तेव्हाची गोष्ट. मी गेलो होतो आणि त्याला अचानक दुकानातून बोलावणं आलं. बाहेरचं दार लागल्याचा आवाज झाला. त्या बाईनं माझं मनगट धरलं आणि बोलायला लागली. मोठा आवाज होता तिचा, पण त्या दिवशी मला वाकून ऐकावं लागलं. काय म्हणाली ते मी तुला सांगू शकत नाही. बोलून झाल्यावर तिनं माझ्याकडून शब्द घेतला. म्हणाली, "पाळकसाहेब, हे तुमच्यात, माझ्यात आणि देवात. आई आहे मी त्याची." मी शब्द दिला. लोक माझ्यापाशी मन मोकळं करतात ते या एका भरवशावर, आणि तो भरवसा मी कधी मोडला नाही. तो मोडणारा पाळक उद्या कुणाच्या उशाशी बसणार?

पुढच्या वेळी गेलो तेव्हा ती बोलली नाही. त्यानंतर लवकरच गेली. डॉक्टर म्हणाले वय झालं होतं, आणि मी डॉक्टर नाही. तिच्या पेटीवर माती टाकताना माझ्या मनात काय चाललं होतं ते मी देवालाही धड सांगितलेलं नाही. देवाला सगळं ऐकू येतं, असं मी जन्मभर दुसऱ्यांना धीर द्यायला सांगत आलो. आता तेच वाक्य ओठांवर आलं की मी दुसरंच काहीतरी बोलतो. त्यानं त्या खोलीतलंही ऐकलं असणार.

दफनानंतर थोड्या दिवसांनी मी चष्मा सैल झाला म्हणून दुकानात गेलो. त्यानं मला खुर्चीत बसवलं, चष्मा घट्ट करून माझ्या चेहऱ्यावर चढवला आणि दोन्ही हात माझ्या कानांपाशी तसेच ठेवले. चेहरा अगदी जवळ. हळूच विचारलं, "आईनं शेवटी काही सांगितलं का हो तुम्हाला?" मी म्हटलं, प्रार्थना करा म्हणाली. खोटं नव्हतं ते, प्रार्थनाही मागितली होती तिनं. तो बराच वेळ माझ्या डोळ्यांत बघत राहिला, मग त्यानं चष्मा काढून स्क्रू आणखी एकदा पिळला आणि पुन्हा घातला. तेव्हापासून उजव्या कानामागे टोचतंय. सैल करून घ्यायला मी परत गेलेलो नाही. मला भीती वाटते, बडबडे. या वयात, या पांढऱ्या झग्यात, मला एका चष्मेवाल्याची भीती वाटते.

तुझ्या आईशी बोललो होतो. कडीचं सांगितलं. ती म्हणाली, म्हातारी माणसं भलतीकडे जातात, लावली असेल काळजीनं. पाय गेलेली बाई कुठे जाणार होती, हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि मलाही ते जिना उतरल्यावर सुचलं. चष्म्याचं सांगितलं तर म्हणाली, तुला कुठलाच जावई पसंत पडला नसता. मग रडायला लागली. तुझे बाबा गेल्यापासून तिनं एकटीनं ओढलंय, तुझ्या लग्नाच्या नुसत्या विचारानं तिचा चेहरा उजळतो, आणि तो उजेड घालवणारा मी कोण? संसार न केलेला माणूस, असं ती म्हणाली. खरंच आहे ते. तुलाही थोडं थांब म्हटलं, तर तू माझ्या टकलावर टिचकी मारून निघून गेलीस.

पण गेल्या रविवारी तू चष्मा लावून आलीस. तुला चष्मा कधी लागला? लहानपणी शेवटच्या बाकावरून फळ्यावरचे गीतांचे क्रमांक वाचून तू सगळ्या म्हाताऱ्यांना सांगायचीस. तूच म्हणालीस, की तो म्हणतो तुझी नजर अधू आहे, तुला ते कळत नाही इतकंच. मग गीताच्या वेळी तू चष्मा पुसायला काढलास, आणि मी वरून बघत होतो, तू फळ्याकडे पाहून पटकन पान उघडलंस. त्यानं तुझ्या कोपराला नुसतं बोट लावलं. तू चष्मा घातलास आणि पानं मागेपुढे करत बसलीस. दारात मला भेटलीस तेव्हा एक वाक्य अर्धवट सोडून त्याच्याकडे पाहिलंस. तू, बडबडे. वाक्य अर्धं सोडलंस.

घोषणा तीन रविवार करायची असते. दोन झाल्या. दोन्ही वेळा मीच विचारलं, की या विवाहाला कुणाची योग्य कारणानं हरकत असेल तर त्यानं ती आता सांगावी. विचारल्यावर थोडं थांबायचं असतं. पहिल्या रविवारी कुणीतरी खोकलं आणि लोक हसले. दुसऱ्या रविवारी मी जरा जास्तच थांबलो, आणि तो पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होता, तसाच, दाराशी उभा असल्यासारखा. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या चर्चमध्ये उत्तर ठाऊक असलेला एकच माणूस आहे, आणि प्रश्न विचारायचं काम त्याच माणसाकडे आहे. विचारणाऱ्यानं स्वतःच उत्तर द्यायची सोय नाही.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी मी व्यासपीठावर नसेन. आपल्या निवृत्त पाळकसाहेबांना मी घोषणा वाचायला बोलावलंय. का, असं त्यांनी विचारलंही नाही, भला माणूस. मी झगा घालणार नाही. तुमच्या मागच्या रांगेत बसेन, आणि त्यांनी प्रश्न विचारला की उभा राहीन. हरकतीचं कारण विचारतील, ते मी सांगणार नाही. तुझी आई कदाचित माझं तोंड पाहणार नाही. लोक म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, आणि पाळकपण तर जाईलच, मी चर्चच्या कपाटाच्या किल्ल्या काढून ठेवल्यात. पण हरकत आली की चौकशी होईपर्यंत लग्न थांबवावं लागतं. तेवढे दिवस तुला मिळतील. त्या बाईला दिलेला शब्द मी असा पाळतोय की मोडतोय, मला ठाऊक नाही. देव विचारेल तेव्हा बघू. तुला फक्त एकच सांगायचंय. मी उभा राहीन तेव्हा सगळी मंडळी माझ्याकडे बघेल. तू बघू नकोस. तू तो चष्मा काढ आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघ.

तुझाच,
मामा