झाकणाखालचा रामगोंडा

१६ ऑगस्ट, फलटण

एकदाची पोचले! सांगली सोडताना रडायचं नाही असं ठरवलं होतं. रडायला सवडही मिळाली नाही, कारण मोगराळे घाटात लोणच्याची बरणी कलंडली आणि पुढची वाट ती मांडीवर सावरण्यातच गेली. सन्मती म्हणाला, आई, आता गाडीला दिवाळीपर्यंत वास राहणार. बोलला रागाने, पण हसत होता.

माझा हा एकुलता एक मुलगा इथल्या साखर कारखान्यात इंजिनियर आहे. हे गेल्यापासून मागे लागला होता, माझ्याकडेच ये म्हणून. घर दुसऱ्या मजल्यावर, उजेड भरपूर. जिनमंदिर चालत जाण्यासारखं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊस दिसतो आणि पलीकडे कारखान्याची चिमणी. सध्या गाळप बंद, त्यामुळे चिमणी गप्प.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस सांगायच्या, नव्या जागेबद्दल पहिल्या दिवशी चांगलं तेवढंच लिहावं. लिहिलं.

१८ ऑगस्ट

सन्मतीला नवी यंत्रं बघायला नगरकडे जायचंय, १२ सप्टेंबरपर्यंत. मला करमावं म्हणून जुन्या लॅपटॉपवर एक खेळ घालून दिलाय. ओसाड माळावर एक माणूस येऊन पडतो. आपण त्याच्याकडून झाडं तोडून घ्यायची, खाण खणायची, कारखाना उभारायचा. वेळेवर खाऊही घालायचं. त्याच्या डोक्यावर काचेचा टोप आहे आणि आपल्याला सदा त्याची पाठच दिसते. तो बोलत नाही.

नाव द्या, असं खेळाने विचारलं. मी रामगोंडा लिहिलं. माधवनगरला आमच्या चाळीत ही हाक मारली की दोघंतिघं वळून बघायचे.

सन्मतीने बजावलंय, नुसतं झाकण लावलं तर लॅपटॉप बंद होत नाही, त्याने कामासाठी तसं करून ठेवलंय. आधी खेळातून बाहेर पडायचं. आणि रामगोंडा मेला तर घाबरायचं नाही. सामानाची पोटली तिथेच पडते आणि तो बिछान्यापाशी पुन्हा उभा राहतो.

२३ ऑगस्ट

वेड लागलंय मला! पट्टे फिरतात, भट्टी धगधगते, आणि भोंगा वाजला की मी आठ वर्षांची होते. अप्पांचा डबा घेऊन गिरणीच्या फाटकाशी उभी. अप्पा बाहेर यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापूस असायचा.

बटाटे लावायची सोय आहे, मी लावले नाहीत. रामगोंडाला आंबे आणि पेरू. तिथला सूर्य मावळायच्या आत जेवू घालते.

बनुबाई कामाला येते. आज झाडू हातात धरून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, आवं काकी, लय राबवताय की ह्याला! जेवतो कवा ह्यो? मी म्हटलं, मी बटण दाबते तेव्हा. ती म्हणाली, आन् न्हाई दाबलं तर?

मी हसले.

२७ ऑगस्ट

उद्यापासून दशलक्षण पर्व. दहा दिवस एकवेळ जेवण. पाणी उकळून, गाळून. खेळातली का होईना, झाडं तोडणं मनाला पटेना, म्हणून तेही सोडलं. रामगोंडाला म्हटलं, दहा दिवस तूही विसावा घे. लॅपटॉप मिटून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवला. चार्जरची वायर तशीच राहू दिली.

मन हलकं झालं.

७ सप्टेंबर

पारणं झालं. सकाळी झाकण उघडलं.

मी खेळातून बाहेर पडलेच नव्हते.

जंगल उरलेलं नाही. यंत्रं आपली आपण तोडत गेली. रामगोंडाच्या बिछान्याभोवती पोटल्या आहेत, एकीवर एक, लांबवर. प्रत्येक पोटली म्हणजे एकदा मेलेला तो. भुकेने. आंब्यांनी भरलेली पेटी त्याच्या पायाशीच होती. पण माझ्या बोटावाचून त्याला हात उचलता येत नाही.

मी इथे उपास करून पुण्य जोडत होते.

सन्मतीला फोन केला. तो म्हणाला, अगं आई, खेळ आहे तो! रडतेस काय? बंद कर आणि झोप जरा.

बंद होत नाही. आंबा दिला, तर घेत नाही. दुपारी तो वळला. पहिल्यांदाच समोरून दिसला. टोपाच्या काचेत आमचं स्वयंपाकघर होतं. खिडकी होती, देव्हारा होता. माझी खुर्ची रिकामी होती. मी खुर्चीतच बसले होते.

८ सप्टेंबर

आज क्षमावाणी. मंदिरात सगळे एकमेकांपुढे हात जोडत होते. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. मीही हात जोडले. तोंड उघडलं. आवाज आला नाही.

बनुबाईला वाटतं घसा बसलाय. हळदीचं दूध दिलं. म्हणाली, आता तुमी आन् त्यो खेळातला मुका, एकाच माळंचं मणी.

घशाचं काही नाही. क्षमा त्याची मागायची आहे, आणि त्याला सांगायला खेळात जागाच नाही. शोधलं सगळीकडे. बटणं आहेत ती कामाचीच – तोड, खण, उचल.

९ सप्टेंबर

बनुबाई लेकीकडे कवठे महांकाळला गेली. जाताना ताट वाढून ठेवलं. भाकरी, घेवडा, पेरूची फोड.

ताट समोर आहे. हात उचलत नाही. भूक लागलीय. हात फक्त वहीकडे जातो.

कुणीतरी बटण दाबलं तर –

१० सप्टेंबर

पोळपाट, लाटणं, स्टूल, देव्हाऱ्याची चौकट – सगळं दाराशी रचलेलं. मीच रचलं. तळहात सोललेत. कधी – कुणासाठी –

फोन वाजतोय. सन्मतीच असणार. पाय जात नाहीत.

११ सप्टेंबर

जाग आली तर पलंगापाशी उभी होते. भूक नव्हती. बरं वाटलं क्षणभर.

स्वयंपाकघरात ताटाशेजारी माझं हिरवं पातळ पडलंय. वर चष्मा. बांगड्या. माझ्या अंगावर हिरवंच पातळ आहे. चष्मा नाकावर आहे.

दाराआड आणखी एक तसंच पातळ – त्यामागे –

लॅपटॉपमध्ये माळ आहे, पोटल्या आहेत. रामगोंडा नाही.

सन्मती उद्या येईल. उद्याच तर –

भर दुपार आहे. तरी उजेड कमी होतोय. ढग नाही. आभाळाची कड दिसते, सरळ, काळी, वरून खाली येतेय – चिमणी गेली – उसाचे शेंडे –

रामगोंडा, बाळा, नुसतं झाकण लावू नकोस. आधी बाहेर पडायचं असतं. आधी ते बट