अर्ध्या ढिगासाठी खेळू नये

लास वेगास,
२६ मे

प्रिय एमेट,

रविवारपासून तुझे फोन येताहेत आणि मी उचलत नाहीये, म्हणून रुसू नकोस. मी ठणठणीत आहे. मुद्दामच उचलत नाही. फोनवर मी एखादा डाव सांगायला घेतला की तिसरं पान पडायच्या आत तू म्हणतोस, ‘इथेच टाकून द्यायचे होते पत्ते,’ आणि मग पुढचा अर्धा तास तूच बोलतोस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. तेव्हा खुर्चीत नीट बस, ऑपरेशन झालेल्या बाजूला उशी घे आणि शेवटपर्यंत वाच. तुझ्या घरी रोज चक्कर मारते, कूलर चालू आहे, लिंबाला पाणी घातलंय. काल मी जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक जाडजूड लोकरी कोट विकत घेतला. बाहेर डांबर मऊ झालंय आणि ही बाई गळ्यापर्यंत बटणं लावून आरशात बघतेय, हे पाहून दुकानातल्या मुलीने मला बसायला स्टूल दिलं आणि पाणी आणलं. कोटाचं नंतर सांगते.

तुझा प्रश्न मी विसरलेले नाही. हिवाळाभर तू इथे माझ्यापाशी, उन्हाळाभर तिकडे उत्तरेला डुलुथला गॅरेटकडे, म्हणजे मुलाचंही मन मोडायला नको आणि माझंही. गॅरेटला तू महिनाअखेर सांगायचं कबूल केलंयस, कारण खालची खोली तुझ्यासाठी बारा महिन्यांची करायची की सहा, ते त्याला कळायला हवं. मी म्हटलं होतं, पोकरची स्पर्धा होऊ दे, मग उत्तर देते. त्यावर तू हसलास. म्हणजे फार वेळ थांबावं लागणार नाही, पहिल्या तासातच ही बाहेर पडेल, असं ते हसणं होतं. मी ते लक्षात ठेवलंय.

पण मास्तर म्हणून तू चांगला आहेस, हे मान्य. अख्खा हिवाळा ऑपरेशनमुळे तिकडे बर्फात अडकून पडून तू मला फोनवर शिकवलंस आणि मी लग्नांच्या चॅपलमध्ये वाजवते त्या ऑर्गनवर पत्ते मांडून शिकले. दोन लग्नांच्या मधे जो काय वेळ मिळे तेवढाच. एकदा एक नवरी ठरल्या वेळेआधी येऊन उभी राहिली आणि घाईत मी वरातीची धून सुरू केली ती चार पत्ते पट्ट्यांवर असतानाच. कुणाला काही कळलं नाही. मला सगळ्यात कठीण गेलं ते हे की खेळ एक नव्हे, पाच. आठ डाव झाले की खेळ बदलतो. दोनांत मोठी पानं जिंकतात. रॅझमध्ये नेमकं उलटं, ज्याची पानं सगळ्यात लहान तो जिंकतो. आणि दोन खेळ असे की मध्ये जमलेला चिप्सचा ढीग दोघांत वाटला जातो, अर्धा मोठ्या पानांना, अर्धा लहान पानांना. तू म्हणायचास, नवखे लोक आपल्या आवडत्या एका खेळावर जगायला बघतात आणि उरलेल्या चारांत बुडतात. जो खेळ कळत नाही त्यात पत्ते टाकून द्यायचे आणि कॉफी प्यायची. आणि दर वेळी हातातल्या पत्त्यांच्या आधी टेबलावरची पाटी बघायची, कुठला खेळ चालू आहे ती. मला ते फारच सोपं वाटलं होतं.

तर रविवारी सकाळी अकराला सिल्व्हर स्पर कॅसिनोत जाऊन बसले. तुझी हिरवी टोपी घातली होती, ती मला मोठी होते. डाव्या हाताला तेरेसिता नावाची फिलिपिनो बाई, हॉटेलातल्या खोल्या आवरण्यात आयुष्य गेलेली, आता निवृत्त. पर्समध्ये घरी भाजलेले गोड पाव. समोर यूटाहून आलेले एक दाढीवाले गृहस्थ. आणि उजवीकडे टोपीच्या स्वेटरातला एक तिशीचा इसम, कानांवर एवढाले हेडफोन. त्याचे हात बघूनच कळत होतं की याला एक खेळ फार चांगला येतो. पहिल्या दोन खेळांत त्याने आम्हाला सोलून काढलं. मी तुझं ऐकून गप्प पत्ते टाकत राहिले. दाढीवाल्यांनी विचारलं, तुम्ही खेळायला आलात की गारव्याला? मी म्हटलं, दोन्ही.

मग वाटणाऱ्याने पाटी उलटली आणि रॅझ म्हणून सांगितलं. हेडफोनवाल्याला ऐकू गेलं नसणार. त्याच्यापुढे राजा उघडा पडला, आणि आत झाकलेल्या पानांतही राजे असावेत, कारण त्याचा चेहरा खुलला. तो पैसे लावत गेला, तेरेसिता दुर्री-सत्ती समोर ठेवून शांतपणे वाढवत गेली. आम्ही बाकीच्यांनी आपापल्या चिप्सकडे बघायला सुरुवात केली. शेवटी त्याने थाटात तीन राजे उलटे केले आणि हात पुढे केला, तर ढीग निघाला तेरेसिताच्या दिशेने. त्याने हेडफोन काढले. तेरेसिताने त्याला गोड पाव दिला आणि म्हणाली, “हे रॅझ आहे, बाळा. इथे राजेलोकांना कुणी विचारत नाही.” तो बिचारा इतका हसला की मला तो तेव्हापासून आवडायलाच लागला. त्याचं नाव केंड्रिक. यानंतर दर खेळाला तो पाटी मोठ्याने वाचायचा.

मी खूश होते, की असली चूक मी नाही करायची. केली. त्याहून वेगळी. अर्धा ढीग वाटण्याच्या खेळात माझ्या हातात एक्का आणि दुर्री आले, जोडीला राजा आणि नव्वी, नुसते शोभेचे. मध्ये सगळ्यांची सामाईक पानं लहान पडली आणि माझ्याहून लहान हात कुणाचा असणं शक्यच नव्हतं. म्हटलं, अर्धा तर खिशात आहे. लावत गेले. दाढीवाल्यांकडे मोठा हात होता, ते अर्धा घेऊन गेले, ते ठीक. पण तेरेसितानेही एक्का-दुर्रीच दाखवली. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग झाले. तिघांनी सारखं घातलं होतं, म्हणजे मी तिसरा हिस्सा घातला आणि चौथा परत घेतला. जिंकून हरले. तू हे मला किमान दहादा सांगितलं होतंस, आणि मी दर वेळी हो हो म्हणत ऑर्गनवरची धूळ पुसत होते.

सुट्टी झाली तेव्हा मी आणि तेरेसिता बाहेर सावलीत बसलो. मी चुकचुकत होते, की माझं काय चुकलं, माझा हात तर सगळ्यात लहान होता. तिने पाव मोडून अर्धा मला दिला आणि म्हणाली, “तू अर्ध्यावर डोळा ठेवून बसलीस, म्हणून तुला चौथा मिळाला. सगळा येईल असा हात असेल तरच बस. नाहीतर पाव खा.”

एमेट, तिथे मला रॉय आठवला. आमचं लग्न तुला माहीत आहे, पण त्याबद्दल मी तुझ्याशी कधी धड बोलले नाही. तो ट्रक चालवायचा, अर्धा महिना घरी, अर्धा रस्त्यावर. माणूस वाईट नव्हता. पण घरी असला की पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांना परके, आणि शेवटचे दोन दिवस त्याचं मन आधीच हायवेवर लागलेलं. मधे जे काही उरायचं ते आमचं लग्न. अर्धं म्हणून धरलेलं, हातात आलं चौथ्याइतकंच. तो गेल्यावर लोक म्हणाले, तुला एकटेपणाची सवय आहे, तू सावरशील. मी सावरलेही, पण ते ऐकून मला फार वाईट वाटलं होतं. चॅपलमध्ये बसून इतकी लग्नं वाजवली, तरी तसल्या संसारात पुन्हा पडायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं. आणि तू ऑक्टोबरात तिकडे गेल्यापासून तुझ्या घराचा दिवा सात महिने मीच लावतेय आणि मीच मालवतेय. ते मला आवडत नाही.

असो. खेळाचं पूर्ण करते, नाहीतर तुला झोप येणार नाही. टेबलं गळत गळत शेवटी एकच उरलं, आठ जणांचं, आणि त्यात मी होते, तेरेसिता आणि केंड्रिकही. पुढ्यात चिप्स अगदीच मोजक्या. पुन्हा वाटून घ्यायचा खेळ, पण आता प्रत्येकाची काही पानं उघडी असतात तो. मला दोन राजे आले. पण समोर दोघांपुढे लहान लहान पानं उघडी, म्हणजे जिंकले तरी अर्धंच. टाकून दिले. केंड्रिकला मी काय टाकलं ते नंतर सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला. दोन डावांनी आत एक्का आणि दुर्री, वर चौकी. मग पंजी. मग एक निकामी गुलाम. टेबलावरून दोन तिर्र्या गेलेल्या मी पाहिल्या होत्या, तुझ्या शिकवणीप्रमाणे, आणि उरलेल्या दोघींपैकी एक माझ्याकडे आली. एक्का ते पंजी. लहानात लहान हातही तोच आणि ओळीने पाच म्हणून मोठाही तोच. वाटणाऱ्याने ढिगाच्या मध्ये हात घालून तो कापायला घेतला होता, मग माझी पानं नीट बघितली आणि सगळा ढीग माझ्याकडे लोटला. तेरेसिताने टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

शेवटी मी पाचवी आले. मला बाहेर काढलं केंड्रिकनेच, राजांच्या जोडीने, आणि या वेळी पाटी वाचून. त्याने उठून माझ्या हातात हात दिला आणि ही टोपी कुणाची म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या मास्तरांची. बक्षीस मिळालं, ते फार नाही, पण एका विमानाच्या तिकिटाला आणि एका जुन्या कोटाला पुरलं.

आता कोटाचं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. सहा महिन्यांचा तू मला नको. पण तू गॅरेटला सोडून इथे बारा महिने ये, असंही मी म्हणणार नाही, तुझी नात अजून तुझ्या मांडीवर बसते आणि ते फार दिवस चालत नसतं. मी डुलुथमध्ये पाय ठेवणार नाही असं इतकी वर्षं म्हणत आले, म्हणून तू हिशेब मांडताना मला इथेच ठेवलंस. मला विचारलं मात्र नाहीस. तर मी येतेय. उन्हाळ्यात दोघं तिकडे, हिवाळ्यात दोघं इकडे. चॅपलमध्ये सांगून टाकलंय की उन्हाळ्यापुरता दुसरा वाजवणारा बघा, आणि लिंबाची जबाबदारी तेरेसिताने घेतलीय. तुमच्याकडे जूनमध्येही तळ्यावरून बोचरं वारं येतं असं तूच सांगतोस, म्हणून कोट घेतला. गॅरेटला सांग, खालची खोली दोघांसाठी कर. आठ तारखेला विमानतळावर घ्यायला ये, काठी घेऊनच ये, आणि तिथे उभा राहून मला माझे डाव समजावून सांगू नकोस.

सगळीच तुझी,
व्हर्ना