आठ-दहाला अडणारं फाटक

झूटरमेर, ६ जानेवारी
आज कामावर रुजू झाले. नवऱ्याच्या, सुबोधच्या, नोकरीपायी या देशात येऊन अकरा महिने घरी बसल्यावर, छप्पन्नाव्या वर्षी मला पुन्हा स्वतःचं टेबल मिळालं. फुलांच्या शीतगृहाचं आवार, त्याची दोन स्वयंचलित सरकती फाटकं, देखभाल माझ्याकडे. महिनाभर माझं काम बघतील, मग कायम करतील. हाताखाली गंधार, पुण्याचा, तिशीतला. आल्या आल्या मला काकू म्हणाला. काकू घरी, असं मी सुनावलं. त्यावर म्हणतो, इथे साहेबालाही नावाने हाक मारतात, निदान वीणाताई तरी चालेल ना? चालेल म्हटलं. केबिन उबदार, कॉफी बरी. मन प्रसन्न.

८ जानेवारी
उणे सहा. फाटकाच्या रुळातला बर्फ काढून घेतला, फाटक सरकवणाऱ्या दात्यांवरचं गोठलेलं ग्रीस खरवडून थंडीत चालणारं भरलं, सेन्सरची काच स्वतः पुसली. काचेवर हिम साचलं की वाटेत कोणी उभं आहे असं सेन्सरला वाटतं आणि फाटक थांबतं. सकाळचे ट्रक आत आले की आठ-दहाला, म्हणजे आठ वाजून दहा मिनिटांनी, दोन्ही फाटकं आपोआप बंद होतात. एक नंबर बंद झालं. दोन नंबर अर्ध्यात थांबलं.

१० जानेवारी
काल आणि आज तेच. काच कोरडी, स्वच्छ. यंत्राची नोंद: वाटेत अडथळा. जाऊन पाहिलं. दिव्याखाली जमीन पांढरीशुभ्र, फक्त रुळावर दोन पावलांएवढी जागा काळी, ओली. खालून गरम पाइप जात असेल, असं गंधार म्हणाला. नकाशात पाइप नाही.

१३ जानेवारी
आठ ते सव्वाआठ गंधार दोन नंबरकडे फिरकत नाही. विचारलं तर कॉफीचं निमित्त. माझी जागा त्याला हवी होती, हे आज एका ट्रक ड्रायव्हरकडून कळलं. आता उलगडा झाला, फाटक हाच बिघडवतो. व्यवस्थापकाने हसत हसतच सांगितलं की फाटक उद्याही अडलं तर तो दुसरं माणूस बघेल.

१४ जानेवारी
सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या. आता फाटकाला वाट कायम मोकळीच वाटणार. चिंचवडच्या कारखान्यात ‘तात्पुरतं’ म्हणून हे कितीदा केलंय. आठ-दहाला फाटक बंद झालं. मध्येच मोटरवर भार चढला — काहीतरी मऊ दाबल्यासारखा.

१५ जानेवारी
तारा बघून गंधार पांढराफटक. मग सगळं बोलला. गेल्या हिवाळ्यात त्यानेच त्या अशा जोडल्या होत्या. वेदांत नावाचा सहकारी रुळातला बर्फ काढत होता. आठ-दहा. फाटक थांबलंच नाही. नंतर तारा सोडवून याने सेन्सर बिघडला होता म्हणून सांगितलं. आता वेदांतच फाटक अडवतो, ताई, अडवू दे त्याला — असं म्हणून रडला.
मला हाकलायला रचलेली गोष्ट. रडणंसुद्धा. उद्या रूळ तूच साफ करायचा, बजावलं.

१६ जानेवारी
उणे नऊ. गंधार दोन नंबरच्या रुळावर वाकलाय. मेन स्विच मी स्वतः बंद केलाय. वीजच नाही, मग तारा राहिल्या जोडलेल्या तर काय बिघडतं.
आठ-सात. दोनदा मागे वळून केबिनच्या खिडकीकडे बघितलं त्याने. नाटकं.
आठ-नऊ. त्याच्या शेजारी कोणीतरी उभं आहे. मी दुसऱ्या कोणाला पाठवलं नव्हतं. गंधारच्या तोंडून वाफ निघते, त्याच्या नाही —
फाटक हललं. मेन बंद आहे, बंदच —
बॅटरी. वीज गेली तरी बॅटरीवर —
तो शेजारचा दोन्ही हातांनी फाटक रेटतोय, मागे रेटतोय. फाटकाला तो दिसत नाही. मी तारा —
गंधार कानटोपी घालून, खाली बघत — हाक ऐकू जात नाही — खिडकीची काच फोडते, मी काच