खालच्या वावरातली ज्वारी

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आज लिहितोय ते खालच्या वावरासाठी. त्या वावराबद्दल मी माझ्या पाठच्या धाकट्याला एक गोष्ट सांगून बसलोय, तुझं नाव घेऊन. तो ती धरून चाललाय. तुझ्याशी बोलल्याशिवाय मला त्यातून मोकळं होता येत नाही, आणि समोर बोलायला तू नाहीस.

खालचं वावर म्हणजे ओढ्याच्या अंगाचं दोन एकर. वरच्या रानात बाबांच्या वेळेस कापूस होता, पुढं सोयाबीन आली, हळद आली. तिथं काय लावायचं हे बाबा ठरवायचे आणि ते सगळं विकायला जायचं. खालचं वावर मात्र तुझं. पावसाळ्यात मूग, तो निघाला की ज्वारी. घरात खायला लागेल तेवढी पिकायची आणि कडब्यावर बैलं निघायची. त्या वावरात तू दुसरं काही येऊ दिलं नाहीस, असं गावात अजून बोलतात. ते पूर्ण खरं नाही. एकदा तू येऊ दिलं होतंस, माझ्यासाठी.

मी तेव्हा एका संस्थेत रोपं वाटायच्या कामाला लागलो होतो. नोकरी नवी होती, अंगात शर्ट इस्त्रीचा होता. चंद्रज्योतीच्या, म्हणजे जट्रोफाच्या, बियांपासून डिझेल होतं, हलक्या जमिनीतही येते, पाणी लागत नाही, असं मी गावोगाव सांगत फिरायचो. लोक ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच विचारायचे, तुमच्या स्वतःच्या रानात किती लावली? हे मी घरी येऊन तुला सांगितलं. तू चुलीपुढं बसली होतीस, काटवटीत पीठ मळत. मी रोप दाखवलं तर तू पान चुरगळून वास घेतलास आणि म्हणालीस, "हा तं कुपाटीचा एरंड हाय. शेळीबी तोंड लावत न्हाई ह्याला."

मी म्हणालो, "म्हणूनच तर. राखण करायची तकलीफ नाही."

"आन् ह्याच्यावर गाडी चालती?"

"चालते."

तू हसलीस. मग पुष्कळ वेळ भाकरी थापत राहिलीस. शेवटची भाकरी तव्यावर टाकल्यावर म्हणालीस, "खालचं घे. वरचं तुहा बाप देणार न्हाई." एवढंच. मी आणखी समजावायची तयारी करून आलो होतो, त्याची गरजच पडली नाही.

रोपं लावताना तू माझ्याबरोबर उन्हात होतीस. मी दोरी धरून अंतर मोजायचो आणि तू मागून खड्ड्यात माती ओढायचीस. माझी ओळ वाकडी गेली की म्हणायचीस, "साहेब, दोरी पहा." त्या दिवसांत तू मला साहेबच म्हणायचीस, थट्टेनं, पण बायकांसमोर जरा मोठ्यानं. मला ते आवडायचं. आता कॉलेजच्या ऑफिसात पोरं मला सर म्हणतात तेव्हा त्याचं काही वाटत नाही.

तीन वर्षं त्या वावरात ज्वारी नव्हती. झाडं कमरेएवढी वाढली, हिवाळ्यात पानं गळून काड्या उभ्या राहायच्या. तिसऱ्या वर्षी थोडी बोंडं धरली, तू त्यांतल्या बिया वेचून डब्यात भरल्यास. घ्यायला कोणी आलं नाही. संस्थेची बियांची खरेदी सुरूच झाली नव्हती आणि वरचा माणूस विचारलं की पुढच्या महिन्याचं सांगायचा. त्या तीन वर्षांत तू गोरेगावच्या बाजारातून ज्वारी आणलीस. मी एका रविवारी घरी आलो होतो, ते जेवण आठवतं. बाजारच्या ज्वारीला चिकटपणा नव्हता, भाकरी थापताना कडेनं चिरत होती. तू चिरलेल्या भाकरी आपल्या ताटात ओढायचीस आणि बरी झालेली माझ्या ताटात टाकायचीस. धाकटा तेव्हा कॉलेज सोडून घरीच होता. तो म्हणाला, "दादा, ही तुह्या डिझेलची भाकर हाय." तू त्याला म्हणालीस, "गप जेव." मला काही म्हणाली नाहीस.

त्याच मुक्कामात संध्याकाळी लाइट गेली. तू डब्यातल्या चार-पाच बिया सोलल्यास, तारेत ओवल्यास आणि काडी लावलीस. बिया खरंच पेटल्या. एक जळून संपली की खालची धरायची. घरभर धूर झाला, बाबा खोकत ओट्यावर जाऊन बसले, आणि तू तार हातात धरून मला म्हणालीस, "जळतंय की रे बराबर. कोण म्हणलं येत न्हाई?" माझं मन राखायला तू काय काय केलंस त्यात मला हे सगळ्यात जास्त आठवतं. डोळ्यांतून पाणी येत होतं तुझ्या धुरानं, पण तार सोडत नव्हतीस.

तू मला बोललीस ते एकदाच, आणि तेही दुसऱ्या दिवशी, मी एसटीला निघालो तेव्हा. पिशवीत डबा ठेवता ठेवता म्हणालीस, "आपल्या वावरात लावलं तेवढं बास झालं. लोकायच्या वावरात नको लावू आता." मी पुढच्या महिन्यात ते काम सोडलं. काम सोडायची कारणं मी लोकांना वेगवेगळी सांगितली, पण खरं कारण ते वाक्य होतं. झाडं तू आणि धाकट्यानं कुदळीनं खोदून काढलीत. मी त्यासाठी आलो नाही. मला सुट्टी मिळाली असती.

आता सध्याचं सांगतो. बाबा गेले, तू गेलीस, सगळं रान धाकटाच पाहतो. त्याचे केस माझ्याआधी पिकले. मागच्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर त्यानं फोन करून मला बोलावलं. आपल्या भागात आता मका वाढलीय. मक्यापासून इथेनॉल करतात, ते पेट्रोलमध्ये मिसळतात. कारखान्याचा माणूस मोटारसायकलवर गावोगाव फिरतो, बियाणं बांधावर आणून देतो, माल उचलायची हमी देतो. धाकट्याला खालच्या वावरात मका लावायची होती. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, म्हणून कागदावर माझी सही लागत होती. पण मला वाटतं सही नसती लागत तरी त्यानं विचारलं असतं.

आम्ही बांधावर बसलो होतो. बियाण्याची पिशवी त्यानं आणून ठेवली होती आणि तिच्यावरच बसला होता. भावजय चहाची किटली घेऊन आली, तीही थांबली. मी म्हणालो, "हे वावर खायचं आहे आपलं. वर लाव ना मका."

"वर हळद हाय," तो म्हणाला. "आन् खायचं म्हणतू तं वरची सोयाबीन काय आपन खातो व्हय? हळद काय पोत्यानं खातो? सगळंच इकायचं पिकून राहिलो. मक्क्यानंच काय घोडं मारलं तुहं?"

"मका जाळायला जाते."

"मायनं जल्मभर तुराट्या आन् पऱ्हाट्या जाळल्या. ते वावरातलंच व्हतं."

मी म्हणालो, तो काडीकचरा होता, दाणा नव्हता. तर त्यानं रस्त्याकडं बोट केलं. तिथं माझी गाडी उभी होती. "त्या गाडीत पेट्रोल घालतू ना? त्याच्यात हेच हाय. तुह्या गाडीनं मक्का खाल्लेली चालती, म्या पेरलेली चालत न्हाई?"

भावजय तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं, कारण तो बराबर बोलत होता. मग ती म्हणाली, "दादा, तुमाला भाकर लागती ते ठीक हाय. पर ज्वारी उपटायला बाई मिळत न्हाई. मजूर म्हणतेत हात सोलून निघतेत, दुसरं काम सांगा. मंग आमी दोघंच उपटतो. तुमी येता का?"

मी येत नाही हे तिघांनाही माहीत होतं. खरं तर मी त्याला चंद्रज्योतीबद्दल सांगायला पाहिजे होतं. हमी देणारा माणूस मीही होतो, तसाच फिरायचो, आणि मला भीती वाटते. अशा पिकाखाली जमीन एकदा गेली की घरात ताट कसं बदलतं ते मी पाहिलंय. मका वाईट आहे असं मला म्हणायचं नव्हतं. इथं खरेदी आहे, कारखाना आहे, तेव्हाचं आणि आताचं सारखं नाही, हेही मला कळत होतं. पण हे सगळं बोलायचं म्हणजे त्या तीन वर्षांचं नाव काढायचं, आणि ते आम्ही दोघांनी कधी काढलेलं नाही. म्हणून मी सोपं ते केलं. मी म्हणालो, "माय सांगून गेली होती. खालच्या वावरात ज्वारीच राहू द्या म्हणाली."

तो पिशवीवरून उठला. "कवा म्हणली?"

"दवाखान्यात. शेवटच्या आठवड्यात."

"मला काहून न्हाई सांगलं?"

"तू इकडं होतास. हळद शिजत होती."

हळद शिजत होती हे खरं होतं. तो आठवडा तुझ्याजवळ नव्हता ही त्याची दुखरी जागा आहे, हे मला माहीत होतं, आणि मी नेमका तिथंच हात घातला. त्यानं बियाण्याची पिशवी बांधाच्या कडेला सरकवली. मग म्हणाला, "मायनं सांगलं म्हणल्यावर मंग काय." भावजय म्हणाली, "आत्याबाईचं हाय तं हाय," आणि किटली उचलून गेली. पिशवी त्यानं दुसऱ्या दिवशी परत केली.

माय, त्यानं ज्वारी पेरली. पाखरं हाकायला सकाळ-संध्याकाळ स्वतः बसला. रानडुकरांसाठी बांधाला जुन्या साड्या बांधल्या, त्यात तुझ्याही दोन आहेत. शेजारच्यांच्या रानात मका उभी होती. ती निघाली तेव्हा गाड्या येऊन भरून घेऊन गेल्या, शेजारी सावलीत उभे राहिले. आपली ज्वारी या दोघांनी ओळीनं उपटली. मी उपटणीला एक दिवस गेलो होतो. दुपारपर्यंत माझ्या तळहातांना फोड आले, तेव्हा त्यानं मला झाडाखाली बसवलं आणि म्हणाला, "साहेब, तुमी पेंढ्या मोजा." तुझाच शब्द, तुझ्याच आवाजातला. त्याच्या हातांकडं मी नंतर पाहिलं. त्याला धड मूठ मिटता येत नव्हती, आणि तरी दिवसभर तो तुझ्याबद्दल बोलत होता. माय अशी वाकायची, माय असं म्हणायची, माय असती तर आज खुश झाली असती. तो इतका आनंदात होता की माझ्यानं खरं सांगवलं नाही.

एक पोतं त्यानं हिंगोलीला माझ्याकडं पाठवलं. भाकरी चांगली होते. बायको म्हणते कडेनं अजिबात चिरत नाही. मी रोज जेवतो. मला अजूनही वाटतं की त्या वावरात ज्वारी असणं बरं आहे, घरात दाणा असावा, तो कुणाच्या हमीवर नसावा. पण हे मला वाटतं. राबतात ते दोघं.

काल त्याचा फोन होता. कारखान्याचा माणूस पुन्हा येऊन गेला. धाकट्यानं त्याला चहा पाजला आणि सांगितलं की आमच्या मायचा शब्द आहे. मला विचारत होता, "औंदाबी ज्वारीच ना, माय म्हणली तसं?" मागून भावजयीचा आवाज येत होता, त्याच्या कमरेला पट्टा बांधायला सांगितलाय डॉक्टरनं, असं काहीतरी. मी म्हणालो, "व्हय."

फोन ठेवल्यापासून मला तो दवाखाना दिसतोय. दुपारची वेळ आहे, खाटेच्या कडेला मी बसलोय, आणि तू माझं मनगट धरून विचारतेयस, हळद शिजली का, पाऊस तर नाही ना आला तिकडं. मी म्हणालो, मी त्याला सांगतो, खालच्या वावरात औंदा काय करायचं ते तू सांग. तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालीस, "वावर त्याच्या हातात हाय. त्याच्या मनानं करू दे. तू मधी पडू नको."

हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.