बेंच म्हणजे न्यायासन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

हणमंताचा गुडघा कसा आहे? फोनवर म्हणाला, बाजारापर्यंत चालत जाऊन आलो. म्हणजे बरा आहे. भावजयीची शुगर? कमी आहे म्हणे, पण ती खरं कुठं सांगते! शेजारच्या नीलम्माचा डोळा? ऑपरेशनला महिना झाला, काळा चष्मा काढला, आता कॅरमची सोंगटी माझ्याआधी तिला दिसते. यज्ञेशचं नाक? गळतंय. काढा करून दिला, त्यानं तो कुंडीत ओतला. तुळशीचं काही खरं नाही. आणि माझं? मला काय धाड भरलीय!

झाली सगळ्यांची खुशाली. आता आजचं.

यज्ञेश जिन्यात उभा राहून मित्राशी बोलत होता. मी भाजी निवडत होते, कान काही बंद करता येत नाहीत. म्हणाला, "मी सध्या बेंचवर आहे रे. एक तारखेपासून." बेंचवर! माझ्या भावाचा, हणमंताचा हा एकुलता एक. नायगावात लाईट जाते, नेट जातं, म्हणून दोन वर्षांपासून इथं लातुरात माझ्याकडं राहून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. एवढं मोठं झालं आणि आत्याला एका शब्दानं सांगितलं नाही! लाजरं आहे पोरगं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

खात्री करून घेतली. मी कुणाला अर्थ विचारत नाही. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर जे काही शिकले ते औषधांच्या खोक्यांवरून आणि ह्यांनी रद्दीतून आणलेल्या इंग्रजी-मराठी शब्दकोशातून. पहिली पन्नास पानं गेलेली आहेत, पण बी शाबूत आहे. बेंच — एक, बाक. दोन, न्यायासन.

बाकावर बसवायला कंपनी म्हणजे काय शाळा आहे? ह्यांच्या नोकरीची केस नऊ वर्षं चालली, शेवटी हायकोर्टाच्या औरंगाबाद बेंचनंच निकाल दिला. तो शब्द मी विसरेन होय? म्हणजे आपला यज्ञेश आता दुसऱ्यांच्या कामाचा निवाडा करणार.

आणि जुळतंयही सगळं! गेल्या महिन्यापर्यंत रोज सकाळी दहाला हजेरी असायची. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा, आणि खुर्चीत बसून म्हणायचा, "स्टँडअप आहे, आत्या, आवाज करू नको." उभं राहायची मीटिंग, आणि हा बसलेला! आता चार दिवस झाले, ती मीटिंगच नाही. बरोबर आहे. न्यायाधीश कशाला रोज हजेरी देईल?

नीलम्माला सांगितलं. ती उदगीरकडची, बोलता बोलता कानडी निघतं. "अय्यो इंदक्का! एवढंसं पोर आणि जज्ज?" म्हटलं, जज्जच म्हणायचं. ऊर भरून आला.

८ नोव्हेंबर, शनिवार

यज्ञेश हल्ली निवांत आहे. सकाळी काहीतरी इंग्रजी धडे ऐकतो, वहीत उतरवतो. दुपारी नीलम्माबरोबर कॅरम. ती राणी घेते आणि कव्हर चुकवते, मग म्हणते डोळा दुखतोय. तो म्हणतो, "काकू, हरल्यावरच बरा दुखतो तुमचा डोळा!" मग कानांवर ती मोठी डबडी घालून मित्रांशी खेळ — "मार, मार, मागून आला, अरे मेलो!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लाटणं घेऊन धावले होते. संध्याकाळी स्टेडियमच्या बाजूला चहा प्यायला जातो. येताना माझ्यासाठी भाजलेल्या शेंगा आणतो.

आज शेंगा नाही आणल्या. विचारलं तर म्हणाला, "विसरलो गं." चेहरा उतरलेला दिसला. एवढ्या मोठ्या जागेवर बसायचं म्हणजे ताण असणारच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नीलम्मानं स्थळ आणलं! जळकोटचे निवृत्ती गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले. मुलगी तनुजा, तीपण कम्प्युटरचीच, पुण्याची कंपनी, सध्या घरूनच काम करते. नीलम्माच्या बहिणीच्या ओळखीतले. रविवारी येतात पोरगा बघायला, मुलगीपण येणार. हणमंतही येईल. यज्ञेशनं तनुजाचा फोटो बघितला आणि दाढी करून आला. मला तेवढं पुरे.

नंतर म्हणाला, "आत्या, एवढ्यात नको ना. दोन महिने थांबू." म्हटलं, का? म्हणाला, "असंच." मी विचारलं नाही पुढं. लाजतोय, दुसरं काय!

१५ नोव्हेंबर, शनिवार

पडदे धुतले. रव्याचे लाडू झाले. नीलम्मानं तिच्या घरचे चांगले कप आणून ठेवले.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहवत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लिहिते. न लिहून कुठं जाणार?

पोहे झाले, लाडू झाले. निवृत्ती गुरुजी सुपारी कातरत हणमंताला म्हणाले, "आम्हाला तर लई अभिमान वाटला. एवढ्याशा वयात बेंचवर! न्याय देणं जिम्मेदारीचं काम असतंय."

हणमंताला काही उमगेना. गुरुजींबरोबर त्यांचा पुतण्या आला होता, अंबरीश, इंजिनिअर. तो आधी गालात हसला, मग राहवलंच नाही त्याला. "काका! बेंचवर म्हणजे काम नाही त्याला! प्रोजेक्ट संपलं की नुसतं बसवून ठेवतात. दोन-तीन महिने वाट बघतात, दुसरं काम न्हाई मिळालं तर नारळ देतात."

तनुजा उठली आणि पाणी प्यायला आत गेली.

यज्ञेश म्हणाला, "हो काका. खरं आहे. एक तारखेपासून प्रोजेक्ट नाही. मी कंपनीतच दुसऱ्या प्रोजेक्टसाठी इंटरव्ह्यू देतोय." सरळ बोलला. मान खाली घातली नाही. हणमंताची गेली खाली. बापाला हे पोराच्या तोंडून नाही, पाहुण्याच्या तोंडून कळलं!

गुरुजी म्हणाले, "मग आम्हाला हे न्यायाचं कशाला सांगितलं? आम्ही काय येडे हाव? नीलम्माबाई, तुम्हीच सांगितलं ना?"

नीलम्मा कपांचा ट्रे घेऊन दारात उभी. तिनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी पोह्यांच्या ताटलीत पाहिलं. एक कढीपत्त्याचं पान होतं, ते बोटानं बाजूला सारत बसले.

नीलम्मा म्हणाली, "माझंच चुकलं, गुरुजी. मला कुठं कळतंय इंग्रजी? काहीतरी ऐकलं, काहीतरी बोलले."

आणि मी गप्प! सत्तरीला आलेली बाई मी. कढीपत्ता सारत होते!

"कळवतो," म्हणून ते उठले. हणमंत जाताना यज्ञेशला म्हणाला, "बापाला सांगायची लाज वाटली व्हय रे? आणि जगाला सांगायला शेजारीण?" जेवला नाही. तीनच्या एसटीनं नायगावला गेला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कॅरम भिंतीला उभा. नीलम्मा आली नाही. तिचे कप मी धुऊन दारापर्यंत नेले, कडी वाजवली नाही, पायरीवर ठेवून आले. चोरासारखी!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवताना यज्ञेश म्हणाला, "आत्या, नीलम्माकाकूंना का सांगतेस गं घरातलं? त्या गावभर करतात. मी त्यांना माझी पार्टनर समजत होतो." म्हटलं, "पाणी दे." त्यानं दिलं. पाणी प्याले आणि तेवढ्यावर विषय बदलला. दुसऱ्यांदा. रविवारी निदान गडबडले होते. आज गडबड नव्हती. आज चांगली शुद्धीत होते.

संध्याकाळी ती नळावर दिसली. म्हणाली, "काय ग इंदक्का, पोराची सर्दी गेली का?" एवढंच. टोमणा नाही, काही नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

सकाळी यज्ञेश त्याचे धडे लावायच्या आधीच शब्दकोश त्याच्या लॅपटॉपवर ठेवला, पान उघडून. म्हटलं, "वाच. बेंच." त्यानं वाचलं. "एक, बाक. दोन, न्यायासन." मग माझ्याकडं पाहिलं. म्हटलं, "मी दोन धरलं. नीलम्माला मीच सांगितलं. त्या दिवशी तिनं माझं अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. परवा तू तिला नावं ठेवलीस, तेव्हाही मी पाणी मागितलं."

मला वाटलं ओरडेल. तो हसायलाच लागला! पोटभर हसला. "आत्या, एक नंबरचा अर्थ होता गं! बाक! साधा बाक! राखीव खेळाडू बसतात तो!" मीही हसले. मग त्याचं हसू गेलं. म्हणाला, "मला एकदा विचारायचं होतंस. मी सांगितलं असतं. मीच कुणाला तरी सांगायला बघत होतो, पण तू इतकी खूश दिसायचीस." 

हे मात्र लागलं. पोराचं काम जातंय की राहतंय आणि मी पडदे धुतेय!

मग म्हणाला, "माझं सोड. काकूंचं काय?"

गेले तिच्याकडं. नीलम्मा तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच बोलले, बसायचा धीर झाला नाही. ती सूप खाली न ठेवता म्हणाली, "मला काय, मी आज हाय, उद्या न्हाई. पण तिथं जळकोटात माझ्या बहिणीला तोंड दाखवायचंय. तिला म्हणून राहिलेत, तुझी बहीण खोटी स्थळं सांगती." मला तिच्या बहिणीचं सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, काय करू सांग. म्हणाली, "तू लिहितीस ना रोज वहीत? मग तिकडं लिही."

२४ नोव्हेंबर, सोमवार

लिहिलं. चार कागद फाडले. पहिल्यात नुसत्या सबबी होत्या. दुसऱ्यात मी किती शिकले नाही त्याचंच रडगाणं. पाचवा ठेवला. निवृत्ती गुरुजींना — शब्दाचा अर्थ मी चुकीचा घेतला, मीच पसरवला, नीलम्माबाईंचा आणि त्यांच्या बहिणीचा दोष नाही, मुलगा खोटं बोलला नाही. स्थळाचं तुम्हाला पटेल ते करा, पण ज्यांची चूक नाही त्यांना बोल लावू नका. खाली नाव, पत्ता, फोन नंबर. यज्ञेशला वाचायला दिलं. त्यानं ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक काढली. पोस्टात टाकलं.

हणमंतालाही फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "अक्का, तू लहानपणीपण असंच करायचीस. माहीत नसलं तरी सांगायचीस." खरं आहे. यज्ञेशशी बोल म्हटलं तर म्हणाला, "बघतो." 

२७ नोव्हेंबर, गुरुवार

यज्ञेशचा इंटरव्ह्यू झाला. शर्ट, खाली बर्मुडा. दार लावून घेतलं होतं. बाहेर आला, म्हणाला, "नाही जमलं. अजून एक आहे पुढच्या आठवड्यात." मी सल्ला दिला नाही. शेंगा भाजल्या.

दुपारी नीलम्मा आली. कॅरम मांडला. यज्ञेशनं तिच्या पायाला हात लावला, ती म्हणाली, "हे काय, पाया पडून राणी मिळत न्हाई!" मी बाजूला बसून बोरिक पावडर टाकत राहिले. ती माझ्याशी बोलली, पण कमी बोलली. तेवढं माझं आहे, मी घेते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

जळकोटहून काही नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नीलम्मा माझ्याकडं बसलेली असताना फोन टुणकन वाजला. अनोळखी नंबर. इथं जसंच्या तसं उतरवते —

"आत्या, मी तनुजा. पोस्टमन आला तेव्हा बाबा घरी नव्हते, पाकीट मी उघडलं, माफ करा. पत्र संध्याकाळी बाबांना देणार आहे. त्याआधी एक सांगायचंय. मीपण बेंचवर आहे, सप्टेंबरपासून. घरी कुणालाच माहीत नाही. रोज दहा वाजता खोलीत जाऊन दार लावते आणि नुसती बसते. पत्राबरोबर आज माझंही सांगेन म्हणते. यज्ञेशशी आधी बोलता येईल का? नीलम्माकाकूंना आत्ता काही सांगू नका."

तीनदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

"कुणाचं ग इंदक्का?" नीलम्मानं विचारलं. म्हटलं, "गॅसवाल्याचा मेसेज."

यज्ञेशचा नंबर पाठवला. खाली एका बोटानं टाईप केलं — बाळा, संध्याकाळी काय झालं ते लिही. वाट बघते. लवकर लिही.