धोतऱ्याची नऊ बोंडं

मी छबुबाई भ्रतार रामकिसन कुंभार, उमर अंदाजे पन्नास, राहणार वडवणी, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाखाली न येता त्रिंबकराव पटवाऱ्यांकडून हे मृत्युपत्र लिहवून घेते. मनात भीती आहे, पण डोकं ठिकाणावर आहे.

१. राहतं घर आणि मागची आव्याची जागा, जिथे आम्ही मडकी भाजतो, माझी एकुलती लेक सुंदरबाई, हल्ली नांदूरघाट, हिला मिळावी. हीच जागा माझा दीर गहिनीनाथ तीन वर्षं मागतो आहे.

२. चाक गहिनीनाथने न्यावं. आमच्यात बाईने चाकाला हात लावायचा नाही, म्हणून मी नुसत्या हातांनी मातीची झाडं करत आले. बोरीची फांदी, ज्वारीचं कणीस, निवडुंग. रामकिसन चिडवायचे, "गाडग्यात कालवण तरी शिजतंय, तुझ्या झाडाला पाणी घालू का?" आणि आव्यात माझाच निवडुंग सगळ्यांत सांभाळून ठेवायचे. त्यांची फार आठवण येते. ही झाडं सुंदरबाईने घ्यावीत, विकली तरी माझी हरकत नाही.

३. धोतऱ्याचं झाड मात्र भगवानराव पाटलांच्या ताब्यात राहावं. दसऱ्याच्या सुमारास मी ते आव्यामागच्या खऱ्या झाडावरून केलं. झाडावर जेवढं असेल तेवढंच मातीत करायचं, ही माझी खोड. बोंडं नऊ होती, मी नऊ केली. कार्तिकात रामकिसन भावाकडे जेवून आले. घरी येताच जीभ कोरडी पडली, भिंतीशी बोलू लागले, बुबुळं डोळाभर पसरली. दुसऱ्या दिवशी गेले. दहाव्यानंतर मी आव्यामागचं खरं झाड पाहिलं, तर बोंडं पाच. चार देठातून खुडलेली. शेळी धोतऱ्याला तोंड लावत नाही.

पाटलांना दाखवलं. ते म्हणाले, "छबुबाई, मातीची साक्ष कोण धरतंय? माणूस तर जाळून मोकळे झालात." जाळण्याची घाई गहिनीनाथने केली आणि मी नुसती रडत बसले, हे मी स्वतःला माफ करत नाही.

काल पुन्हा मोजली. आता दोनच आहेत.

४. मी अचानक गेले तर मला लगेच जाळू नये. पापण्या उघडून बुबुळं बघावीत आणि बीडहून सरकारी डॉक्टर येईपर्यंत प्रेत पाटलांच्या पहाऱ्यात ठेवावं. सुंदरबाईने रडायला यावं, पण काकाच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये.

मुक्काम वडवणी, मार्गशीर्ष वद्य पंचमी, सन १३२६ फसली (इसवी १९१६).

निशाणी अंगठा: छबुबाई
साक्ष: भगवानराव पाटील, सही
साक्ष: बद्रीनाथ सुतार, अंगठा
हस्ताक्षर: त्रिंबकराव पटवारी

भाऊबंद म्हणून संमती: गहिनीनाथ कुंभार, अंगठा. हे मागाहून आले. मजकूर वाचून दाखवू का, असं विचारता म्हणाले, "कावून? वैनी मला सोडून कुणाला देणार हाय?"

शाई पुसता पुसता त्यांनी छबुबाईंना आज जेवायला बोलावलं. मी, लिहिणाऱ्याने, नको म्हणून खुणावलं. छबुबाईंनी पाटलांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाल्या, "येते की, भाऊजी."