आईच्या मागची एका माणसाची जागा

प्रिय दादा,

आधीच रागावू नकोस. बाबल्याला पत्र लिहायची हौस कधीपासून आली, असं तुला वाटेल. दहावीच्या पेपरात पत्रलेखनाचा प्रश्न ज्यानं सोडून दिला, तोच मी. पण तू माझा फोन उचलत नाहीस, आणि समोर येऊन बोलायचं तर माझं तुला माहीत आहे. गुहागरला जायला निघतो आणि पोचतो चिपळूणला, बोलण्यातसुद्धा तसंच. कागदावर भरकटलो तर निदान वर बघून कळतं की निघालो कुठून होतो. तर निघालोय वेदीच्या लग्नापासून. आपल्या बहिणीचं लग्न झालं दादा, रविवारी, रत्नागिरीत. नीट झालं. नीट म्हणजे जेवण पुरलं, कुणी रुसून गेलं नाही, आणि गौरव दिसायला शांत आहे तसाच स्वभावानंही आहे असं वाटतं. पण फोटोच्या वेळी जे झालं ते तुला जयगडच्या धक्क्यावर कुणीतरी तिखटमीठ लावून सांगायच्या आत मला सांगायचं आहे.

ग्रुप फोटोचं काम माझ्याकडे होतं. वेदीनंच दिलं. म्हणाली, “तू गोव्यात त्या फोटोवाल्याकडे लाइट धरून उभा राहायचास ना, मग हे तूच बघ. मला लग्नात कसलंही टेन्शन नकोय.” मी तिथं पावसाळा लागेपर्यंतच होतो, मग एका ट्रकवाल्याबरोबर कोल्हापूरला गेलो, तिथं ढाब्यावर राहिलो. त्या ढाब्यावरच्या म्हशीची एक गंमत आहे, पण ती नंतर. सुजय आठवतो तुला? माझ्याबरोबर गोव्यात होता, आता त्याचा रत्नागिरीत स्वतःचा स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो त्यालाच दिले. त्यानं मला समजावलं की ग्रुप फोटोची भांडणं कॅमेऱ्यामुळे होत नाहीत, हाक मारणाऱ्यामुळे होतात. जेवणाच्या आधी उरकायचे, कारण वड्यांचा वास सुटला की माणसं स्टेजवर टिकत नाहीत. म्हातारी माणसं आधी घ्यायची आणि लगेच खुर्चीवर परत पाठवायची. आणि दोन्ही घरचा एकेक माणूस हाक मारायला ठेवायचा, ज्याला आपापल्या घरचे चेहरे ठाऊक आहेत. नाहीतर कुणाचा तरी मामा राहतो आणि त्याची आठवण मग बारशाला निघते. आपल्याकडून मी. त्यांच्याकडून गौरवचे काका, आत्माराम काका. इथंच सगळं बिघडलं, कारण हा माणूस सगळं आयुष्य जहाजावर होता, इंजिनाकडे. आणि आप्पांनी त्यांच्या घरी पहिल्या बैठकीतच सांगून ठेवलं होतं की आमचा मोठा जहाजावर आहे.

मला ठाऊक आहे, हे वाचून तू कागद चुरगाळणार. चुरगाळ, पण फेकू नकोस, पुढे आहे अजून. तू जहाज सोडून घरी आलास त्याला आता तीन वर्षं झाली. पाणी तुला सोसलं नाही, एवढीच गोष्ट. पण आजोबा खलाशी, आप्पा खलाशी, आणि तू तर ट्रेनिंग करून पांढरा युनिफॉर्म घातलेला पहिला. आप्पांनी गावभर सांगितलं की तुला दुसरं जहाज मिळालं, आणि तुला सांगितलं की लोक विसरेपर्यंत इकडे फिरकू नकोस. तूही त्यांचाच मुलगा. म्हणालास, बरं, मग मी जहाजावरच आहे असं समजा. आणि जाऊन राहिलास कुठे, तर खाडीच्या पलीकडे, जयगडला. रात्री पोर्टचे दिवे लागले की आई मागच्या दारी जाऊन बघते. कुणाचा मुलगा दुबईला गेला तरी एवढा लांब वाटणार नाही.

तर लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाची बस. आपल्याकडून रत्नागिरीला जायचं तर तवसाळला फेरीबोटीत बस घालायची, पलीकडे जयगडला उतरायचं की झालं. आप्पा म्हणाले, नाही, चिपळूणवरून जायचं. सगळे बघतच राहिले. अख्ख्या जिल्ह्याला प्रदक्षिणा! दमयंती आत्या म्हणाली, “जन्म गेला तुझा पाण्यात, आणि आता खाडी ओलांडायला भितोस होय रे?” आप्पा म्हणाले, “फेरीचा काय भरवसा?” तुला हसू येईल, पण तेव्हा बसमध्ये मी, आई आणि वेदी, तिघंही खिडकीबाहेर बघत होतो. आम्हाला ठाऊक होतं ते कसला भरवसा म्हणतायत. जयगडच्या जेट्टीवर तू दिसलास तर काय, हीच भीती. घाटातल्या वळणांनी निम्मं वऱ्हाड आजारी पडलं. आत्या पिशवीत तोंड घालून वर आली की एकच म्हणायची, “आप्पा मेल्या, लग्नाला नेतोयस का काशीला?” वेदीच्या गजऱ्याची फुलं हॉलवर पोचेपर्यंत काळी पडली. तिनं ती एकेक करून खुडून टाकली. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

हॉलवर आत्माराम काका पहिल्या मिनिटापासून माझ्याबरोबर. माणूस फार चांगला, मोठ्यानं हसणारा, खिशात बडीशेप बाळगणारा. पण त्यांना तुझ्याबद्दल कौतुक. कंपनी कुठली? कुठल्या लाइनवर असतो? मी म्हटलं, दुबईच्या बाजूला. मग लाह्या घालायची वेळ आली, नवऱ्याचा कान पिळायला मोठा भाऊ नाही म्हणून मला उभं केलं, आणि मागून काका विचारतायत, “मोठे कधी उतरणार जहाजावरून?” मी म्हटलं, सिंगापूरहून सुटले की. “मघाशी दुबई म्हणालास.” मी म्हटलं, “फिरतं ना काका जहाज.” गौरवचा कान माझ्या हातात होता, तो मी एवढा पिळला की बिचारा खरंच ओरडला. सगळे हसले. काका सगळ्यात मोठ्यानं.

आता मुख्य गोष्ट. आप्पांनी सुजयला आदल्या आठवड्यात स्टुडिओत जाऊन सांगितलं होतं की घरच्या फोटोत आईच्या मागे एका माणसाची जागा सोड, आणि तिथं नंतर आमच्या मोठ्याला बसव. तुझा तो ट्रेनिंगनंतरचा युनिफॉर्ममधला फोटोही दिला होता. हे आता सगळीकडे करतात. परदेशातला मुलगा, वारलेले आजोबा, सगळ्यांना कॉम्प्युटरवर आणून उभं करतात. सुजयनं मला बजावलं, “जागा नीट सोड. दोन्ही बाजूंच्या माणसांचे खांदे तिथं येऊ देऊ नकोस, नाहीतर नंतर तुझा भाऊ कापून चिकटवल्यासारखा दिसेल.” म्हणजे माझं काम काय, तर कुणी नसलेली जागा राखायची. दादा, मी एका कंपनीच्या गोडाऊनवर वॉचमनकी केली आहे, पण एवढी अवघड राखण कधी केली नव्हती. रिकामी जागा दिसली की माणूस तिथं घुसतोच. आत्या घुसली, तिला हाताला धरून बाजूला केली. तिची सून तिथं उभी राहिली. ती सरकली तर तिचा नवरा. मी आपला, “तिथं नको, तिथं नको,” आणि लोक माझ्याकडे असे बघतायत की तिथं खड्डा आहे की काय. आई पुढे खुर्चीवर बसलेली, वेदीचा हात हातात घेऊन. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आप्पा तिच्या शेजारी ताठ.

तेवढ्यात आत्माराम काका स्टेजवर चढले. “अरे, फोटोत मध्येच भोक पडलंय, सरका की एकमेकांकडे!” मी म्हटलं, राहू दे काका. “कुणासाठी?” आता काय सांगणार? म्हटलं, दादासाठी, नंतर घालणार आहेत. काका एकदम विरघळले. म्हणाले, “वा वा, झकास. मग असं करू, आत्ताच व्हिडिओ कॉल लावू. लग्नातली बहीण तरी बघेल की पोरगा. सांग नंबर.” आणि फोन काढून, चष्मा कपाळावर चढवून तयार. आप्पा म्हणाले, “रेंज नसते तिथं.” काका म्हणाले, “तुमच्या वेळी नसायची हो, आता मधोमध समुद्रात नेट असतं. नंबर तर सांगा.” मी आप्पांकडे बघितलं. आप्पा टोपी सारखी करण्यात गुंतले. सगळं स्टेज थांबलेलं. समोर सुजय, कॅमेऱ्याला डोळा लावून. काकांचं बोट फोनवर. मला एवढंच वाटत होतं की कुणीतरी जेवायला हाक मारावी, लाइट जावी, काहीही व्हावं.

आई बोलली. समोर कॅमेऱ्याकडे बघतच बोलली, जसं काही भाजीत मीठ कमी आहे असं सांगतेय. “तो जहाजावर नाही भावोजी. जयगडला आहे. पोर्टवर कामाला जातो.” बस, एवढंच. काका क्षणभर गोंधळले, मग म्हणाले, “जयगडला? अहो, मग इथं का नाही? मला सांगायचं, मी गाडी पाठवली असती!” एवढंच वाटलं त्यांना, दादा. गाडी पाठवली असती. जहाज नाही म्हणून तोंड वाकडं केलं नाही, की आप्पांकडे वेगळ्या नजरेनं बघितलं नाही. आत्या मात्र हळूच म्हणाली, “आणि मला घाटातून वांत्या करत आणलंत होय?” कुणी हसलं नाही. वेदीनं आईचा हात असा धरला होता की बांगड्या रुतल्या असतील. सुजयनं विचारलं, “काढू?” मला वाटलं आप्पा उठून जातील. पण ते म्हणाले, “काढ.” त्या फोटोत सगळ्यांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे झालेत, एकटे आत्माराम काका तेवढे मनापासून हसतायत.

जेवणं झाल्यावर सुजय आप्पांना विचारायला आला की युनिफॉर्मचाच फोटो बसवू ना? आप्पांनी त्याच्याकडून तो मागून घेतला आणि म्हणाले, “नको. कुणाला बसवू नकोस.” सुजय कॅमेरा आवरायला गेला. मला वाटलं, संपलं, आता तुझी जागाच काढून टाकली यांनी. आईलाही तेच वाटलं असणार, कारण बसमध्ये चढताना तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण रत्नागिरीतून बाहेर पडल्यावर ड्रायव्हर परत चिपळूणकडे, हातखंब्याच्या रस्त्याला लागायला गेला तर आप्पा पुढे जाऊन म्हणाले, जयगडला घे. अख्खी बस एकदम जागी झाली. जेट्टीवर फेरीची वाट बघत उभे होतो तेव्हा ते खाली उतरले आणि तिकीटवाल्याशी काहीतरी बोलत राहिले. मी तंबाखू मागायच्या निमित्तानं जवळ गेलो. ते विचारत होते, पोर्टवरची पोरं किती वाजता सुटतात.

आता हे का लिहिलं ते सांगतो. आज बुधवार. उद्या वेदी आणि गौरव लग्नानंतर पहिल्यांदा, पाचपरतावणाला, आपल्या घरी येतायत, आत्माराम काकाही येणार आहेत. सोमवारी सकाळी आप्पांनी सुजयला फोन करून सांगितलं की तोच फोटो घरी पुन्हा काढायचा, सगळे होते तिथंच उभे राहणार, आणि आईच्या मागची जागा तशीच ठेवायची. कशाला, ते सांगितलं नाही. आईनं विचारलं नाही, पण तिनं घरातली सगळी भांडी घासून काढली आहेत. आणि आज दुपारी आप्पा मला म्हणाले, चल, जयगडला जाऊन मासे घेऊन येऊ. आपल्या दारात समुद्र असताना! हे पत्र मी जेट्टीवर बसून लिहितोय, कागद त्यांनीच समोरच्या दुकानातून आणून दिला. ते तिकडे बोटी बांधायच्या खुंटावर बसलेत, तुझ्या पोर्टच्या गेटच्या रस्त्याकडे तोंड करून. गेटपर्यंत ते येणार नाहीत, आणि माफीबिफी मागतील असंही मी लिहीत नाही, खोटं कशाला लिहू. पण फेरी आली आणि गेली, परत आली आणि परत गेली, आणि ते उठत नाहीत. मी हे गेटवरच्या वॉचमनकडे देऊन त्यांच्याजवळ जाऊन बसतोय. तुला यायचं नसेल तर तसं सांग, मी त्यांना घरी घेऊन जातो. पण दादा, ते सांगायलाही तुला इथं यावं लागेल. माझं ऐकून ते उठायचे नाहीत.

तुझाच,
बाबल्या